कमलनं बदली मागितली होती

सुनंदाचा फोन सकाळी आला. सुनंदा म्हणजे कमलच्या धाकट्या भावाची मुलगी. शेवटची काही वर्षं कमल तिच्याकडेच, मोताळ्याला राहत होती. "आत्या गेली, काका," एवढंच ती म्हणाली. मी कसं झालं ते विचारलं, केव्हा नेणार ते विचारलं, आणि फोन ठेवला. त्यानंतर जे झालं ते लिहायची मला भीती वाटते, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला आधी हायसं वाटलं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं मनात आलं. मग कळलं : ज्या प्रश्नाला मी जवळजवळ साठ वर्षं भीत आलो, तो तिनं मला पुन्हा कधी विचारलाच नव्हता, आणि आता ती तो कधीच विचारणार नव्हती.

तेरवीला माणसं खूप आली होती. ज्यांची बाळंतपणं तिनं केली त्या म्हाताऱ्या झालेल्या बाया, त्यांची मुलं, त्या मुलांची मुलं. एका निवृत्त हेडमास्तरांनी तिच्या सेवेबद्दल चार शब्द सांगितले, ते चांगलेच होते. मग पंगत बसली. माझ्या शेजारी तिच्या नात्यातला, संग्रामपूरकडचा एक गृहस्थ होता. वरणाची वाट पाहत तो मला हळूच म्हणाला, "सेवागिवा ठीक हाय. पण चार वर्सं त्या डोंगराखालच्या गावात काऊन राह्यली ती? बदली मागता येत नव्हती काय? तिथं एक होता म्हणते तिचा." माझ्याजवळ उत्तर होतं. ते उत्तर असलेला मी जगातला एकटाच माणूस होतो. वाढणारा समोर आला, आणि मी त्याला म्हणालो, "इकडे वरण दे रे बावा."

म्हणून हे लिहितो आहे. वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचणाऱ्यांना कमल कोण हे ठाऊक नसेल, तेव्हा आधी ते सांगतो.

मोताळ्याजवळच्या आमच्या गावात तुळशीरामकाकांचं घर आणि आमचं घर यांची भिंत एकच होती. काका माळी. विहिरीवरच्या दोन एकरांत वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि मोताळ्याच्या आठवडी बाजारात स्वतः बसून विकायचे. माझी आई लवकर गेली, त्यामुळे माझं निम्मं जेवण काकांच्या चुलीवरचंच. कमल माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. ती मला राखी बांधायची आणि वासुभाऊ म्हणायची, पण भाऊ म्हणून धाक असा काही नव्हता. मी मॅट्रिक होऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात कारकून म्हणून लागलो तेव्हा अख्ख्या आळीनं माझं कौतुक केलं. ती म्हणाली, "आता तू खुर्चीत बसून दुसऱ्याले उभं ठेवशीन." कार्यालयाचं नाव मी इथं घेत नाही. चूक कार्यालयाची नव्हती.

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. जिल्हा परिषदा नव्या होत्या, आरोग्य केंद्रं उघडत होती, आणि खेड्यांत पाठवायला नर्स मिळत नव्हत्या. सातवी-आठवी शिकलेल्या मुलींना सरकार दोन वर्षं नर्सचं शिक्षण देणार, राहायला खोली देणार, दरमहा विद्यावेतन देणार, असं परिपत्रक माझ्या टेबलावरून गेलं. बदल्यात करारनामा. शिक्षण झाल्यावर सरकार पाठवील त्या गावी पाच वर्षं नोकरी करायची, आणि मध्येच सोडली तर विद्यावेतन आणि शिक्षणाचा खर्च एकरकमी परत भरायचा. त्यासाठी दोन जामीनदार लागत. ते परिपत्रक वाचल्या वाचल्या मला कमल आठवली. आठवीत ती वर्गात पहिली आली होती आणि त्यानंतर वांगी तोडत होती.

काका तयार नव्हते. परक्या माणसांचं अंग पुसायचं, रात्री-बेरात्री कुणाच्याही दारी जायचं, हे मुलीचं काम नव्हे असं तेव्हा सगळेच मानत. मी सुट्टीच्या दिवशी गावी गेलो, विहिरीजवळ बसलो आणि एका फुलस्केप कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे करारनाम्याची रक्कम लिहिली. हजाराच्या वर जात होती ती, आमच्यासारख्यांना धडकी भरावी अशी. उजवीकडे नर्सचा पगार, महागाई भत्ता, वार्षिक वाढ, पाच वर्षांची बेरीज. उजवी बाजू एवढी जड झाली की मलाच आनंद झाला. रक्कम भरायची वेळ येणारच नाही, आणि आलीच तरी वर्षा-दीड वर्षाच्या पगारात ती फिटते, असं मी काकांना समजावून दिलं. काकांनी तो कागद वाचला नाही, त्यांना वाचता येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "हिशेब तुहा बराबर असन. पण मी बाजारात बसतो तं पह्यले रिकामी तागडी उचलून पाह्यतो. रिकामीच झुकत असन तं माल कितीबी चांगला असो, माप खोटंच." मी हसलो. म्हणालो, काका, हा सरकारचा काटा आहे.

कमल हसली नाही. ती टोपलं घेऊन उभी होती. एवढंच म्हणाली की मला जायचं आहे. आणि मग मला चिडवत, "तुह्या लग्नात पह्यला आहेर माह्या पगाराचा. बायको पाहून ठेव."

एक जामीनदार मी झालो. दुसरे युसूफचाचा. मोताळ्याच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि कमलच्या हातात त्यांनी ती पाच वर्षांची असल्यापासून बांगड्या भरल्या होत्या. मी त्यांना करारनामा वाचून दाखवू लागलो तर त्यांनी मला थांबवलं. "इसके हात का माप मेरे पास हाय," ते म्हणाले. "हा हात काम सोडून पळणारा नाही बेटा. सही कुठं करू, ते दाखव." त्यांनी उर्दूत सही केली. मग मी केली. पण मी कारकून होतो, मी कलम वाचलं होतं. 'जामीनदार नोकरीत असल्यास रक्कम त्याच्या वेतनातून वसूल करण्यात येईल.' माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती. त्या कलमाची भीती नंतर कितीतरी वर्षं सुटली नाही.

शिक्षण तिनं उत्तम केलं. तिकडून पत्रं यायची, त्यांत एकदा तक्रार नाही. पांढरे बूट चावतात, खानावळीच्या भाजीत तिखट नसतं, एवढंच. पहिली नेमणूक निघाली ती वरवट बकालच्याही पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, आजच्या संग्रामपूर तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या माणसाबद्दल आता लिहायचं आहे त्याची नातवंडं तिथं राहतात आणि त्यांचा काही दोष नाही.

दोन खोल्या आणि पुढं ओटा, असं ते उपकेंद्र होतं. मागच्या खोलीत ती राहायची, पुढच्या खोलीत औषधं. महिन्याभरातच गावातला एक वजनदार माणूस सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी येऊन ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागला. खुर्चीही त्याच्याच घरून आलेली. तो काही बोलत नसे, अंगचटीला येत नसे. फक्त बसायचा. दवाखाना बंद होईपर्यंत. तिचं येणं-जाणं, पाणी भरणं, औषध देणं बघत राहायचा. दिवाळीला ती घरी आली तेव्हा वांग्याच्या वाफ्यात उभी राहून तिनं हे मला सांगितलं. बाया आता ओट्याच्या पायरीवरूनच परत जातात, म्हणाली. कोणाला तक्रार करायची तर काय म्हणून? माणूस बसतो म्हणून? आणि मग हातातलं वांगं देठाशी वळवत, "भाऊ, मले त्याचं भेव नाही वाटत. त्याचं तोंड मी पाह्यतच नाही. मले त्याच्या बसण्याचं भेव वाटते. सकाळी कडी काढाच्या आधी मी फटीतून पाह्यतो, खुर्ची आली काय..." मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. बसू दे, बसून कंटाळेल, असं म्हणालो.

पुढच्या महिन्यात तिचा अर्ज आला. नर्सच्या बदल्या आमच्याच कार्यालयातून होत. माझ्या कार्यालयात मी आवक-जावक पाहत होतो. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. मी त्यावर शिक्का मारायचा, आवक वहीत नोंद करायची, नंबर घालायचा, आणि मग तो साहेबांकडे जायचा. ज्या कागदाला नंबर नाही तो कागद आलाच नाही, असा सरकारी नियम आहे, आणि तो नियम ज्याच्या हातात शिक्का आहे त्यालाच नीट कळतो. अर्ज माझ्याच हातात पडणार हे कमलला ठाऊक होतं. त्यामुळे ती निर्धास्त होती.

अर्जाचं अक्षर वळणदार होतं. सदर ठिकाणी काम करणे अशक्य झाले आहे, तरी बदली मिळावी. इथपर्यंत ठीक. पण शेवटी एक ओळ होती : 'बदली शक्य नसल्यास हाच अर्ज राजीनामा समजण्यात यावा.'

आमचे साहेब बदलीचे अर्ज महिनोन् महिने फिरवत, पण राजीनामा दिसला की जागच्या जागी मंजूर करून मोकळे होत. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. राजीनामा मंजूर म्हणजे करार मोडला. करार मोडला म्हणजे वसुली. तुळशीरामकाकांकडून काय वसूल होणार? युसूफचाचांकडे बांगड्या. उरलो मी, आणि माझं लग्न वैशाखात ठरलेलं. मी ड्रॉवरमधून कागद काढला, मधोमध रेघ ओढली, आणि डावीकडे ती रक्कम लिहिली. उजवीकडे या वेळी माझा पगार लिहिला. तिचं नाव त्या कागदावर कुठंच नव्हतं, हे मला त्या दिवशी दिसलंही नाही.

त्या अर्जाला मी नंबर घातला नाही.

कागद दाबून ठेवणं हा आमच्या धंद्यातला जुना प्रकार. कुणी चहापाण्यासाठी दाबतात. मी भीतीनं दाबला. ड्रॉवरमध्ये कोऱ्या फुलस्केपच्या गठ्ठ्याखाली ठेवला आणि कमलला पत्र लिहिलं की अर्ज वर गेला आहे, साहेब फिरतीवर आहेत, धीर धर. त्यानंतर साहेबांनी मला कधीही बोलावलं की आधी माझा हात ड्रॉवरकडे जायचा, बंद आहे ना ते बघायला. शिपाई टेबल पुसायला आला तरी मी ड्रॉवरपुढं सरकून बसायचो. वाटायचं, एखाद्या दिवशी ती स्वतःच येईल, आवक वही उघड म्हणेल, आणि तिचं बोट ओळींवरून खाली खाली जाईल...

चार महिन्यांनी तिचा दुसरा अर्ज आला. या वेळी राजीनाम्याची ओळ नव्हती. कुणीतरी शहाण्यानं सल्ला दिला असेल, किंवा तिला स्वतःलाच आमची काळजी वाटली असेल. फक्त बदली मागितली होती. तो अर्ज मी बिनधोक पुढं पाठवू शकलो असतो. पण त्याची सुरुवातच अशी होती : 'माझ्या पूर्वीच्या अर्जाचे अनुषंगाने...' हा कागद वर गेला असता तर साहेबांनी पहिलं वाक्य वाचून विचारलं असतं, पूर्वीचा अर्ज कुठं आहे? पहिला दाबला म्हणून दुसराही दाबावा लागला. कारकुनाची चूक अशी वाढते. तिला फार हातपाय लागत नाहीत, नुसता ड्रॉवर लागतो.

मधल्या काळात काकांनी तिच्यासाठी स्थळ पाहिलं. मलकापूरकडचं घर, मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर. मुलगी नोकरी करते यालाही त्यांची हरकत नव्हती. आपल्याकडे सोयरीक करण्याआधी मुलीकडच्यांना न सांगता चौकशी करायची पद्धत आहे. त्याप्रमाणे मुलाचा चुलता आणि मामा एका दुपारी त्या गावी जाऊन आले. उपकेंद्रासमोरच्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला. समोर ओटा, ओट्यावर खुर्ची, खुर्चीत तो माणूस पाय पसरून बसलेला, आणि आत कमल औषधं देत असलेली. हे कोण, असं त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं. "रोजचेच हायेत," हॉटेलवाला म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. ते दोघं तिला न भेटताच परतले आणि आठ दिवसांनी गुण जुळत नाहीत असा निरोप आला.

त्यानंतर तुळशीरामकाका माझ्या कार्यालयात आले. आयुष्यात पहिल्यांदाच. धुतलेलं धोतर, हातात वांग्यांची पिशवी. मी त्यांना बसा म्हणालो, ते बसले नाहीत. ते टेबलाच्या ज्या बाजूला उभे होते तिथून ड्रॉवर त्यांच्या गुडघ्याला लागत होता.

"वासुदेव, पोरीच्या अर्जाचं काय झालं?"

वर आहे, मी म्हणालो.

"वर म्हंजे कुठं?" त्यांनी छताकडे पाहिलं. खरंच पाहिलं. "मले दाखवून दे बावा. मी हात जोडतो त्याईले."

साहेब फिरतीवर आहेत, आल्यावर सांगतो, असं मी म्हणालो. त्या वेळी साहेब शेजारच्या खोलीत होते, त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता.  काका पिशवी टेबलावर ठेवून गेले. ती वांगी मी घरी नेली नाहीत, शिपायाला देऊन टाकली. तो आनंदानं घेऊन गेला.

लग्नाला कमल आली, पगारातून पहिला आहेर तिनंच केला. माझ्या बायकोला तिनं हातभर बांगड्या आणल्या, युसूफचाचांच्या दुकानातल्या. मला बाजूला घेऊन विचारलं, "दोनी अर्जाचं काहीच नाही काय रे, भाऊ?" मी मान हलवली. ती म्हणाली, बरं. तिनं मला तो प्रश्न त्यानंतर कधी विचारला नाही.

त्या माणसाला तिथून उठवलं ते कमलनंच. पुढच्या पावसाळ्यात हिवतापाची साथ होती, आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक तापाच्या माणसाचं बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा असा हुकूम होता. एका सकाळी ओट्यावर बऱ्यापैकी गर्दी असताना ती सुई, कापूस आणि काच घेऊन त्या खुर्चीपुढं गेली. म्हणाली, तुम्ही रोज दवाखान्यात येता, म्हणजे ताप असणारच, बोट द्या. लोकांसमोर नाही म्हणायची त्याला पंचाईत झाली. तिनं टोचलं, रजिस्टरात नाव लिहिलं, गोळ्या हातावर ठेवल्या आणि समोर उभी राहून गिळायला लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुसरं बोट. चौथ्या दिवशी एक म्हातारी पायरीवरून म्हणाली, "बाई, यायचे दहाई बोटं होईपर्यंत टोचत राहा." हशा झाला. पाचव्या दिवशी खुर्ची आली नाही.

ही हकीकत पुढं कमल रंगवून सांगायची आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. पण एकदा, आम्ही दोघंच असताना, ती म्हणाली, "त्याले वाटे मी मुद्दाम जोरानं टोचतो. माहा हात थरथरून राह्यला होता, भाऊ. एका जागी सुई लागतच नव्हती."

खुर्ची गेली, पण तोवर दीड वर्ष उलटलं होतं आणि जे बोलायचं ते लोकांनी ठरवून टाकलं होतं. स्थळं येत आणि चौकशी करून परत जात. काही वर्षांनी सरसकट बदल्यांत तिची बदली झाली. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, की हिनं स्वतःहून कधी मागितली नाही. मी दुसऱ्या टेबलावर गेलो तेव्हा ड्रॉवर रिकामा करावा लागला. ते दोन्ही अर्ज मी शिपायाच्या चहाच्या शेगडीत घातले. भर दुपारी, सगळ्यांसमोर. कुणी विचारलंही नाही. कारकून कागद जाळतो यात कुणाला काय वाटणार?

कमलनं लग्न केलं नाही. पाच वर्षांचा करार तिनं पूर्ण केला. त्यानंतर निवृत्तीपर्यंत जिल्हाभर नोकरी केली, धाकट्या भावाला शिकवलं, मोताळ्याला घर बांधलं, काकांचं शेवटचं दुखणं काढलं. माझ्या पहिल्या कागदावरची उजवी बाजू शब्दशः खरी ठरली. पैशाच्या हिशेबात माझी चूक नव्हतीच. आजही कुणी बाप मुलीला नर्सिंगला घालू का म्हणून कर्जाचे आणि पगाराचे आकडे घेऊन माझ्याकडे येतो, कारण हा माणूस हिशेबाचा पक्का अशी माझी ख्याती आहे. मी बेरीज करून देतो. पण ती जिथं जाईल तिथं तिनं हाक मारल्यावर ती ऐकून घेणारा कोण आहे, तो किती भित्रा आहे, हे कुठल्या बाजूला मांडायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी ठरवून तिला भेटायला गेलो. आज सांगायचंच, असं वाटेत चार वेळा घोकलं. ती उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. इकडचं-तिकडचं बोलणं झालं आणि मी म्हणालो, कमल, ते तुझे अर्ज... तिनं शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझं मनगट धरलं. नाडी बघायची तिची ती सवयच. थोडा वेळ मोजत राहिली.

"जोरानं चालून राह्यली तुही. पायऱ्या चढून आला काय?"

हो, मी म्हणालो.

त्या घराला पायऱ्या नाहीत.

ती मनगट सोडून शेंगा सोलू लागली. निघताना पिशवीत मूठभर सोले बांधून दिले, बायकोला भाजी करायला सांग म्हणाली. तीच आमची शेवटची भेट.

आता सरळ लिहितो, कुणाला शंका राहू नये म्हणून. कमल तुळशीराम हिनं त्या गावातून दोनदा लेखी बदली मागितली होती. दोन्ही अर्ज मी दाबले आणि मीच जाळले. तिचं तिथं कुणी नव्हतं. ती तिथं राहिली कारण मी तिला तिथं ठेवलं.

हा लेख पुरवणीकडे पाठवण्याआधी सुनंदाला वाचून दाखवणं भाग होतं. गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो. वाचताना मी एकदाही वर पाहिलं नाही. संपल्यावर ती उठली, कमलच्या खोलीत गेली. तिथून तिनं मला आत बोलावलं. पलंगाची गादी गुंडाळलेली होती. खुंटीवर एक खाकी कापडी पिशवी होती. सुनंदानं ती काढून माझ्यापुढं ठेवली. निवृत्त झाल्यापासून आत्या दर मंगळवारी ही पिशवी घेऊन कचेरीत जायची, तिनं सांगितलं. विधवांचे, म्हाताऱ्यांचे, कुणाकुणाचे अर्ज स्वतः लिहायची, स्वतः खिडकीवर द्यायची, आणि आवक नंबर हातात पडेपर्यंत तिथून हलायची नाही. बाबू लोक तिला कंटाळायचे.

"म्हणे, बिननंबरचा कागद म्हंजे कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये माणूस अडकला हाय समज," सुनंदा म्हणाली. "माह्या लहानपणापासून म्हणे ती हे. मले वाटे, असंच म्हणते."

 सुनंदानं पिशवीतून एक अर्ज काढला. शेजारच्या आळीतल्या गिरिजाबाईचा, निराधार पगारासाठी. कमलचं तेच वळणदार अक्षर, फक्त रेघा थोड्या थरथरलेल्या. तिला ताप भरला त्या सोमवारी लिहिलेला. "हा राह्यला," सुनंदा म्हणाली. "आता तुम्हीच न्या. आन् लेख छापा." तिनं मला चहाचं विचारलं नाही. तेही मी इथं नोंदवून ठेवतो.

मंगळवारी मी गेलो. खिडकीपलीकडे तरुण बाबू होता, पोरगेला, चांगल्या तोंडाचा. अर्ज घेऊन त्यानं बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि म्हणाला, ठेवून जा बाबा, जेवण झाल्यावर टाकतो. मी म्हणालो, नंबर द्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मागं रांग होती, कुणीतरी चुकचुकलं. तो आता रागावेल, चारचौघांत काही बोलेल, अशी साध्या माणसाला वाटते तशी भीती मला वाटत होती. अर्जदार तुमची कोण, त्यानं विचारलं. कुणी नाही, मी म्हणालो. तो गठ्ठा माझ्या डोळ्यांपुढं होता आणि गिरिजाबाईचा कागद त्याच्यावर सर्वांत वर होता. त्याच्यावर दुसरा कागद पडायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे.

"मग बाकावर बसा ना बाबा," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं लागतील."

मी बसलो नाही.